शिगेकाकूंच्या घरचं पाचवं ताट

तीर्थरूप दादांस,
धाकट्या तोकुजीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा या थंडीत काय म्हणतो आहे? वहिनींनी पाठवलेला लोकरी पट्टा मी कमरेला बांधून हिंडतो आहे (तो गळ्यासाठी होता, हे सगळ्या गावाने पाहून झाल्यावर कळलं). इकडे छपरांवर हातभर बर्फ आहे, समुद्र काळाठिक्कर पडला आहे, आणि देवाच्या कृपेने सर्वांची प्रकृती ठीक आहे. सर्वांची म्हणजे, जेवढे मोजता येतात तेवढ्यांची.

तुमच्या कानावर आलंच असेल की टीव्हीवर एक ॲनिमे मालिका लागते. तिच्यात आपल्यासारख्याच एका किनाऱ्यावरच्या गावात तीन राक्षस राहतात आणि त्यांच्याकडे परदेशातून एक व्हॅम्पायर मुलगी भाड्याने राहायला येते. ती रक्ताऐवजी टोमॅटोचा रस पिते, राक्षसांना शिस्त लावते, आणि राक्षस तिला सासूसारखे घाबरतात. मी सगळे भाग पाहिले. (देवासमोर दिवा लावून झाल्यावरच पाहिले.) देवळाच्या पायऱ्या अगदी आपल्यासारख्या काढल्या आहेत, तुटलेली सातवी पायरीसुद्धा. त्यामुळे उन्हाळ्यापासून मालिकेची भक्तमंडळी गावात येतात आणि त्या पायरीला वाकून नमस्कार करतात. आपण चाळीस वर्षं तिला ठेचकाळून शिव्या दिल्या.

त्यांच्यापैकी नानासे नावाच्या बाईंनी गावकीला पत्र लिहिलं, की वर्षअखेरच्या संध्याकाळी तुमचे राक्षस घरोघर जातात, त्यांच्याबरोबर मला व्हॅम्पायर होऊन येऊ द्या. बाई तोक्योत विम्याच्या कचेरीत आहेत, वय पस्तिशीचं, बोलणं मऊ. गावकीत दोन दिवस वाद झाला. शेवटी पोस्टातला हिदेझो म्हणाला, "अरे, राक्षस व्हायला माणसं मिळेनात, मी साठीचा होऊन मुखवटा घालतोय. आपण होऊन कुणी यायला निघालंय तर नखरे कसले करताय?" झालं.

मोजणीदार मीच होतो. काम तुमच्याच हाताखाली शिकलो: राक्षसांच्या पुढे जाऊन दारात विचारायचं, "इतके आहेत, आत घ्याल का?" घरधन्याने आकडा घेऊन "इतके या" म्हटल्यावरच आत सोडायचं, आणि निघताना "इतके गेले" असं मोठ्याने म्हणून दार लावायचं. यंदा आकडा चार, तीन राक्षस आणि या बाई. सोपं काम, पण बाईंनी ते अवघड केलं. व्हॅम्पायरला प्रत्यक्ष निमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडता येत नाही म्हणे, आणि "चौघे या" हे निमंत्रण मोघम पडतं. म्हणून राक्षस आत जाऊन पाय आपटून आळशांना दरडावताहेत, आणि बाई काळा झगा सावरत बाहेर बर्फात दातांवर दात वाजवत उभ्या. पहिल्या घरी मी घरधन्याला बाहेर आणून नीट बोलवायला लावलं. दुसऱ्या घरी तो लाजला आणि बायकोला पुढे केलं. तिसऱ्या घरी हिदेझो मुखवट्याआडून ओरडला, "ये गं बाई आत, साके निवतेय!" पण राक्षसाचं निमंत्रण चालत नाही. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. दादा, त्या कामावर हसायचं नसतं, हे मला ठाऊक होतं.

चौथं घर शिगेकाकूंचं. उजेड नुकताच विझत होता. काकूंनी बाईंना कुडकुडताना पाहिलं आणि मी आकडा बोलायच्या आत दार सताड उघडून त्या म्हणाल्या, "अगं बाई, थंडीत का उभे? या, सगळेच या, कोण कोण आहात ते सगळे आत या!" मी अजून हसतच होतो. आकडा राहिला.

काकूंनी ताटं मांडली. पाच. मला वाटलं, म्हातारीने मलाही धरलं. पण मोजणीदार उंबऱ्यावरच उभा राहतो, हे त्या माझ्या जन्माआधीपासून जाणतात. आत चूल धुमसत होती, पेंढ्यांच्या झुली सळसळत होत्या, आणि मुखवटे घालून बसलेली माणसं अर्ध्या उजेडात किती दिसतात हे दारातून नीट कळत नाही. निघाले तेव्हा मी सवयीने म्हणालो, "चार गेले." पाचही ताटांवर कुणीतरी जेवून उठलं होतं. चार ताटांत मासा नेहमीसारखा उष्टावलेला. पाचव्यात मुळ्याचं लोणचं तेवढं बाजूला काढून ठेवलेलं, आणि त्या जागेखालची चटई ओली. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

पुढच्या वाटेवर नानासेबाई म्हणाल्या, "तुमच्यातले ते पाचवे गृहस्थ फार सभ्य हो. सरकून मला चुलीजवळ जागा दिली. हळूच विचारलं, तुम्हालाही बोलावल्याशिवाय आत येता येत नाही का?"

मी म्हटलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही येता येत म्हटलं. तर म्हणाले, मलाही. बावीस वर्षं झाली."

बाई गावातल्या कुणाला ओळखत नाहीत. शिगेकाकूंचा मुलगा इवाओ, तुमचा वर्गमित्र, बावीस वर्षांपूर्वी माकूळ धरायला गेला, नाव सापडली आणि तो नाही, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. तो मुळ्याच्या लोणच्याला हात लावत नसे, हे तर काकू आणि आपण दोघं सोडून कुणालाच ठाऊक नसेल.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेलो. त्यांनी मला बाहेरच धरलं. म्हणाल्या, "तोकुजी, पंधराव्या दिवशी मुखवटे देवळात जातील तेव्हा तू देवापुढे मोजणी सांगशील. चार आले, चार गेले, एवढंच सांग रे बाबा." मी म्हटलं, काकू, आले पाच. खोटं कसं सांगू? आणि देवापुढे आले तितके गेले असा आकडा जुळावाच लागतो; खरं सांगितलं तर पाचव्यालाही "गेला" म्हणावं लागेल, आणि एकदा मोजून बाहेर काढलेला परत येत नाही. काकूंनी माझ्या कमरेचा पट्टा नीट करून दिला आणि आत गेल्या. आतून दोन वाट्या ठेवल्याचा आवाज आला. मी रोज पहाटे देवासमोर बसतो, पण यावर काय मागावं ते सुचत नाही.

असो. तुम्ही काळजी करू नये. गुडघ्याला शेक द्यावा. वहिनींना नमस्कार.

आपला धाकटा,
तोकुजी

ता. क. आज दहावा दिवस. पुजारीबुवांना सहज विचारलं. थोरला मोजणीदार गावी यायला निघाला असेल, तर धाकट्याने देवापुढे तोंड उघडायचं नाही, त्याची वाट पाहायची, असा जुना नियम आहे. मोजणी तोवर तशीच राहते. तेव्हा दादा, "मी येतो" असं दोन ओळींचं पत्र लगेच धाडावं. मी ते देवळात ठेवीन. त्यात माझं खोटं काही होणार नाही.

ता. क. दुसरं. आणि कृपा करून येऊ नये. यंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही. काकू आता शहाऐंशींच्या आहेत. त्यांचं झालं की मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येईन, तेव्हा त्या मायलेकांना आपण मिळून मोजू.

ता. क. तिसरं. पत्र काकूंच्याच पत्त्यावर पाठवलंत तर बरं. त्यांना आता अक्षर दिसत नाही, पण वाचून दाखवायला घरात कुणी आहे म्हणतात.