काळी स्क्रीन आणि मी दिलेली माफी

३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.१०
आज कॉम्प्युटरची साफसफाई. जानेवारीत विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं. तेव्हापासून मशीन लावलं की यादी येते: कोणतं उघडू? दहा सेकंदांत बाण खाली नेला नाही तर लिनक्स उघडतं. हिला ते जमत नाही. हॉस्पिटलात सव्वीस वर्षं सिस्टर आहे, अडलेल्या बाळंतिणी सोडवते, पण चष्मा सापडेपर्यंत दहा सेकंद संपतात. मी स्वतः लिनक्स महिन्यात दोनदा उघडलं. एकदा वॉलपेपर बदलायला, एकदा तो परत बदलायला.
निर्णय: लिनक्सला निरोप. विंडोजमधून त्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा कप्पा, शोधलं, राइट क्लिक, डिलीट. ‘नक्की?’ असं विचारलं. नक्की! ऑफिसात मला उगाच ‘सिस्टिमवाले’ म्हणत नाहीत.

४.२५
रीस्टार्ट केलं. काळी स्क्रीन. ‘असं पार्टिशन नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी. खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारी रेघ. रेस्क्यू म्हणजे सुटका. मशीन स्वतःची सुटका करून घेतंय. वेळ द्यावा.

५.४०
वेळ दिला. रेघ लुकलुकतेय.

६.००
बंद केलं. ही ड्यूटीवरून दमून येईल. दमलेल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. उद्या.

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ
मी सांगायच्या आत हिनेच मशीन लावलं. हिचं पुस्तक आत आहे. नव्या नर्सेससाठी. लेबर रूममध्ये पहिल्या दिवशी काय करायचं, घाबरलेल्या बाईशी काय बोलायचं. एकशे बारा पानं. बावीसला छापायला जायचंय. अठ्ठावीसला ही रिटायर होतेय, त्या दिवशी वाटायचंय.
काळी स्क्रीन बघून म्हणाली, अहो, शनिवारी मी पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढला. त्याने झालं असेल का?
मी म्हणालो, होऊ शकतं.
खोटं बोललो नाही. जगात काहीही होऊ शकतं. पण हिचा चेहरा एवढासा झाला. म्हणून म्हणालो, जाऊ दे, माणसाच्या हातून चुका होतात, मी रागावलो नाही. तर हिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, तुम्ही किती समजून घेता.
आता खरं सांगणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा.

५ फेब्रुवारी
ऑफिसातल्या चष्मेवाल्याला विचारलं (लिनक्सचा नाद त्यानेच लावला). म्हणाला, बूट होणारा, म्हणजे ज्यावरून मशीन सुरू होतं असा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून दुरुस्त होतं. ड्रॉवरमध्ये एक निळा पडला होता, तो सकाळी सहज खिशात टाकलेला. ऑफिसच्या मशीनला लावला. ‘यावरचं सगळं पुसलं जाईल’ अशी सूचना आली. ओके.

संध्याकाळ
हिने विचारलं, निळा पेन ड्राइव्ह दिसला का? त्यात पुस्तकाची कॉपी आहे, हॉस्पिटलच्या मशीनवर उघडून बघते.
दिला. नाही कसं म्हणणार?

६ फेब्रुवारी
हिच्या फायली त्यात नव्हत्या. दुसऱ्याच कसल्या कसल्या होत्या. म्हणाली, तोही माझ्याच हातून गेला, ओढून काढल्यावर असंच होतं वाटतं. पेन ड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला. जेवली नाही.
मी पुन्हा माफ केलं. या वेळी जरा घाईने.
संकल्प: रविवारच्या आत मशीन दुरुस्त. म्हणजे सांगण्यासारखं काही उरणारच नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ
ही ड्यूटीवर. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू झालं! नवा वॉलपेपर, रंग, सगळं. ‘इन्स्टॉल’ दाबलं. पुढे. पुढे. हे मला जमतं. मग विचारलं, सगळी डिस्क पुसून टाकू? सवयीने ‘पुढे’वर बोट गेलं. शेवटचं एकदा विचारलं. तेव्हा कुठे वाचलं.
मशीनने इतक्या वेळा विचारावं, हे बरोबरच आहे.
भिंतीतला प्लग उपटला. पाऊण तास जमिनीवर बसून होतो. एकशे बारा पानं.

१० फेब्रुवारी
हिने नव्याने लिहायला घेतलं. हाताने. आठवून आठवून. ड्यूटीवरून आली की जेवणाच्या टेबलाशी बसते. मी पंखा लावून देतो, बंद करतो. माझ्या परीने साथ.

१२ फेब्रुवारी
हिचं मनगट सुजलं. मी म्हणालो, तू सांग, मी लिहितो. म्हणाली, तुमचं ऋण कसं फेडू? पेन खाली पडलं. तीन पानं लिहिली.

१३ फेब्रुवारी
आज सहावं प्रकरण. चुका. हिने सांगितलं, लिहा: चूक झाली की आधी सांगा, मग निस्तरा. सांगायला जितका उशीर, तितकं पेशंटचं नुकसान. आणि दुसऱ्या कोणावर आळ येत असेल तर एक मिनिटही थांबू नका.
मी विचारलं, इतकं कडक हवंच का? नव्या मुली बिचकतील. म्हणाली, हवंच. अक्षर नीट काढा, काय गिचमिड करताय?

१५ फेब्रुवारी
संकल्प: उद्या सांगणार. वाक्यं तयार केली. ‘त्या रविवारी काही तांत्रिक घडामोडी घडल्या.’ बरं वाटतंय. सांगितल्यासारखंच हलकं वाटतंय.

१६ फेब्रुवारी
मेहुणी आली होती. ही तिला सांगत होती, माझ्या धांदरटपणाने सगळं गेलं गं, पण हे एका शब्दाने बोलले नाहीत मला. मेहुणी माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिच्या नवऱ्यानेही माझ्याकडून जरा शिकावं. पाहुण्यांसमोर घरातलं कशाला काढा? राहिलं.

१७ फेब्रुवारी, रविवार
मेहुणीने परस्पर दुरुस्तीवाल्या बाईंना पाठवलं. मी म्हणालो, मशीन गेलंय, उगाच तुमचा वेळ जाईल. त्या बसल्यासुद्धा. सुरू होताना एक बटण दाबून धरलं, निळी यादी आली, त्यात विंडोजला उचलून पहिल्या नंबरवर ठेवलं. रीस्टार्ट. विंडोज. हिचं पुस्तक जसंच्या तसं. एकूण चार मिनिटं.
ही हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. बाईंना म्हणाली, पुन्हा नाही हो मी पेन ड्राइव्ह असा ओढणार.
बाई म्हणाल्या, त्याने असं होत नाही. कोणीतरी आत जाऊन लिनक्सचं पार्टिशन डिलीट केलंय. तिथे सुरुवातीची यादी ठेवलेली असते, म्हणून मशीन अडकलं.
ही म्हणाली, अस्सं. बाईंना चहा दिला. दारापर्यंत सोडायला गेली.
मग मी सांगितलं. सगळं. पेन ड्राइव्हचंही. न थांबता. कबुली म्हणावी तर आता लपवायला काही उरलंच नव्हतं.
म्हणाली, तुम्ही बिघडवलंत, त्याचं काही नाही. मशीन आहे. पण तुम्ही मला माफ केलंत. दोनदा. आणि मी तुमचे आभार मानले.


२३ फेब्रुवारी, शनिवार
काल पुस्तक छापायला गेलं. मला नीट बोलते. हवं-नको विचारते. तेच जास्त लागतं.
आज मशीन लावलं. यादी वगैरे काही नाही, सरळ विंडोज. स्क्रीनवर दोन नावं. पहिलं हिचं, पासवर्ड लावलेलं. दुसरं माझं असेल म्हणून चष्मा पुसून वाचलं. ‘पाहुणा’.
आत गेलो. पत्त्यांचा एक खेळ आहे. दुसरं काही उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतं.
स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारलं, निदान वॉलपेपर तरी बदलू का?
म्हणाली, पाहुण्यांनी नुसतं बसायचं असतं.
बसलो आहे.