तिसरा काटा

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा दुखतो हे वाचून वाईट वाटलं (कोणता ते लिहायचं राहिलं, म्हणून दोन्हींसाठी वाईट वाटून घेतलं). आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुमचे बंधू रोज दुपारी दोनशे माणसांसकट विमान पाडतात, तेवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

घाबरू नका, माणसं खोटी आहेत. तुम्ही आलात की ज्या मागच्या खोलीत झोपता, तिथला पलंग आता भिंतीला उभा आहे आणि त्या जागी विमान आहे. म्हणजे संगणकावरचा विमान उडवायचा खेळ: टेबलावर भलामोठा पडदा, हाताशी दांडी, पायाशी दोन पेडलं आणि कानांवर हेडफोन. पडद्यावर वैमानिकाच्या समोर असते तशी काट्यांची सगळी फळी दिसते. ह्यांनी जन्मभर वजनमाप खात्यात दुकानदारांचे काटे तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, म्हणून विमानाचे आणले. उडण्याची हौस म्हणाल तर ती यथातथाच; ढग सुंदर दिसतायत म्हटलं तर वरही बघत नाहीत. काटा खोटं बोलायला लागला की त्याला रंगेहाथ पकडायचा, यात सगळा आनंद.

आता काट्याला खोटं बोलायला लावणार कोण? स्वतः बिघडवला तर कुठला बिघडवला ते आधीच ठाऊक असतं, मग मजा काय? म्हणून एक टॅबलेट माझ्या गळ्यात पडला. त्यावर सगळ्या काट्यांची चित्रं आहेत. स्वयंपाकघरात बसून ज्याला बोट लावीन तो मागच्या खोलीत बंद पडतो. केव्हा, कुठला, काही सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद. पहिल्याच दिवशी मी टॅबलेट ओल्या फडक्यानं पुसला आणि वेग, उंची, दिशा, दोन्ही इंजिनांचं तेल असं सगळं एका दमात गेलं. वाटलं, आता बोलणी बसणार. तर हे घामानं निथळत बाहेर आले आणि म्हणाले, वा, अशी परीक्षा कुणी घेतली नाही. लग्न झाल्यापासून माझ्या कामाचं एवढं कौतुक प्रथमच झालं, वन्सं! मग मलाही चटक लागली. जेवायला हाक मारून ओ दिली नाही, की वेगाचा काटा गेलाच. ओला टॉवेल गादीवर टाकला, की दिशा गेली. (टॉवेल टाकला की विमान बिघडतं एवढं त्यांच्या लक्षात आलंय, का बिघडतं ते अजून आलेलं नाही. टॉवेल मात्र हल्ली दोरीवर असतो.)

ह्यांचा एक नियम आहे, तो नीट वाचा, कारण पुढे लागणार आहे. महत्त्वाचा प्रत्येक काटा विमानात तीनदा असतो. एक कप्तानासमोर, एक त्याच्या जोडीदारासमोर, आणि मधे एक लहानसा. दोघं एक सांगतात आणि एक वेगळंच सांगतो, तर तो एकटा खोटा. त्याच्यावर पुठ्ठ्याची चकती लावायची, म्हणजे नजर चुकूनही तिकडे जात नाही, आणि बाकीच्यांच्या भरवशावर उतरायचं. चकत्या ह्यांनी चपलांच्या खोक्याच्या कापल्या आहेत.

तर मध्यंतरी एकदा आतून आरोळी आली, उंची गेली! मी पोळपाटाशी, दोन्ही हात पिठात, काही केलेलंच नाही. हात तसेच घेऊन आत गेले, बघते तर काटा ठणठणीत (माझा चष्मा कुठे ठेवला होता कोण जाणे, पण एवढ्या मोठ्या काट्याला चष्मा कशाला?). तसं म्हटलं, तर हे म्हणाले, तू वैमानिक आहेस का? आणि लावली चकती. दुसऱ्या दिवशी वेगावर चकती. मग तेलावर. मी एकाही काट्याला बोट लावलेलं नाही, आणि ह्यांना प्रत्येक काट्याचं बोलणं खोटं वाटतंय. गेल्या आठवड्यात अख्ख्या फळीवर पुठ्ठेच पुठ्ठे झाले, उघडं उरलं फक्त घड्याळ. त्या घड्याळाच्या भरवशावर विमान उतरवलं, ते कुणाच्या तरी कोबीच्या शेतात.

यावर आम्ही दोघंही पोट धरून हसलो असतो. पण वन्सं, हे मोटारही चालवतात. परवा शेजारच्यांचं फाटक आपलं समजून गाडी आत घातली आणि कुंड्या कुणी हलवल्या म्हणून माझ्यावरच डाफरले. मोटारीत तीन-तीन काटे नसतात. शेजारी मी असते, आणि मला भीती वाटते. खरंच वाटते. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, डोळे उत्तम आहेत, तुझंच काहीतरी चुकतंय. मी एक सांगते, हे दुसरं सांगतात. दोनच काटे असले की खोटा कुठला, हे ठरणार कसं?

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. तुम्हाला आणायला मोटार घेऊन येतो असा ह्यांचा बेत आहे. काही झालं तरी हो म्हणू नका. गाडी पाठवायची व्यवस्था मी करते, तुम्ही तेवढ्या या. ह्यांना घड्याळ बघायला लहानपणी तुम्हीच शिकवलंत ना? मग ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसा आणि काटे मोठ्यानं वाचा. तुमच्यावर चकती लावायची ह्यांची छाती नाही.

ता. क. पत्र टाकायला ह्यांच्याकडेच देते आहे. वाचतील ही भीती नाही, अक्षर मुद्दाम मुंगीएवढं काढलंय.

ता. क. (हे माझं, ताई.) खात्यातलं जुनं भिंग काढलं आणि खिडकीत उभं राहून वाचलं, सबंध दुपार गेली. हिचं खरं आहे. काटे दिसत नव्हते, आणि पुठ्ठा लावला की दिसत नाही हे कबूल करावं लागत नाही. मोटारीची किल्ली आता हिच्या मसाल्याच्या डब्यात आहे, ती हिला अजून दिसलेली नाही. तू ये. फक्त पोळ्यांच्या वेळचा तो उंचीचा काटा खरोखरच बंद होता. टॅबलेटवर उंचीच्या चित्रावर हिचं पिठाचं बोट अजून तसंच आहे, आणि आत आली तेव्हा हिचा चष्मा डोक्यावर होता. तेव्हा डॉक्टरकडे नंबर लावशील तो दोघांचा लाव.