टॉवेलच्या दुसऱ्या टोकाबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
उभारी फिजिओथेरपी केंद्र,
आमगाव, जि. गोंदिया.

विषय : श्रीमती धनवंता कटरे यांना सोमवारच्या व्यायामवर्गात परत घेणेबाबत.
संदर्भ : त्यांना त्याच वर्गातून काढणेबाबत अर्जदाराचा मागील महिन्यातील अर्ज.

महोदय,

१. अर्जदाराचे पती ओमेश्वर यांना धानाच्या रोवणीच्या हंगामात लकवा होऊन उजवी बाजू गेली. धनवंताबाईंची डावी गेलेली. सबब केंद्रातील फिजिओथेरपिस्ट रश्मी मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवून एकाच टॉवेलची दोन टोके ओढण्याचा व्यायाम दिला. त्यात पतीचा हात खांद्यापर्यंत येऊ लागला व ते हसूही लागले. घरी अर्जदाराने दुसरे टोक धरले असता, "तुयासंगं नाई जमत, तू हात उपटून टाकशील," असे म्हणाले. सोमवारी मात्र सकाळीच दाढी करवून घेत. दाढी अर्जदारच करून देत असे.

२. म्हणून संदर्भीय अर्ज केला. आपण तो मान्य करून धनवंताबाईंना गुरुवार दिला. त्या अर्जातील एकही शब्द अर्जदार आज मागे घेत नाही.

३. परंतु तेव्हापासून पतीने टॉवेल धरलेला नाही. मॅडमनी दुसरे टोक खिडकीच्या गजाला बांधून दिले, तरी ते मांडीवर हात ठेवून बसून राहतात. दाढीही करू देत नाहीत. "काऊन?" विचारले तर, "कोणाले दाखवाची आहे," म्हणतात. हे ऐकून अर्जदारास काय वाटले, ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही.

४. गेल्या आठवड्यात धनवंताबाई बाजारात भेटल्या. त्यांच्या मुलाला सुटी सोमवारचीच. गुरुवारी आणणारे कोणी नसल्याने त्यांचा व्यायाम बंद पडला आहे. "भाऊचा हात कुठवर आला?" असे त्यांनी विचारले. 'भाऊ' या शब्दावर अर्जदाराचा अजून विश्वास नाही. पण त्यांची उघडत आलेली बोटे पुन्हा मिटली होती आणि भाजीची पिशवी मनगटाला लटकत होती. पिशवी अर्जदाराने त्यांच्या घरापर्यंत नेऊन दिली.

५. तरी धनवंताबाईंना सोमवारी पतीसमोरच बसवावे, ही विनंती. त्यांच्या मुलाची सुटी असो वा नसो, अर्जदार पतीला आणते त्याच ऑटोतून त्यांना आणील व पोचवील. ऑटोत त्या मागे अर्जदाराजवळ बसतील. पती पुढे, चालकाजवळ बसतील.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
सौ. भूमेश्वरी ओमेश्वर रहांगडाले
ता. आमगाव
दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत : पतीच्या तपासणी कार्डाची झेरॉक्स.