आज काही लागलं नाही

आप्पा, रविवारी आम्ही समुद्रावर मासे धरायला गेलो होतो. तुम्ही कधी गेला नाहीत. तापी सोडून दुसऱ्या पाण्यात तुम्ही गळ टाकला नाही. हे पाणी आपल्या गावावरून आलंय, असं तुम्ही कॉझवेजवळच्या काठावर बसून सांगायचात, जणू गावच्या कुणी डबा पाठवला असावा. तुमच्या धाकट्यानं हजिऱ्याच्या पलीकडच्या खाडीतून एक होडी ठरवली होती. तो, त्याची मुलगी, आई आणि मी. होडीत चढताना आईनं होडीवाल्या तांडेलाचा खांदा घट्ट धरला आणि म्हणाली, "बुडाडू नको रे भाऊ." तो म्हणाला, "माजी, तमे बेसो ने." आई बसली आणि परत येईपर्यंत तिनं फळी सोडली नाही.

धाकट्यानं तुमची वेळूची काठी आणली होती. बुचाच्या तरंग्यासकट. शेवटच्या आजारात तुम्ही ती त्याच्या हातात दिलीत, मी उशाशी औषध घेऊन उभी होते. तेव्हापासून ती त्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर खिळ्याला आहे. पाहुणे आले की तो ती काढून दाखवतो आणि "आप्पांनी मला शिकवलं" म्हणतो. कधी शिकवलंत? तो एकदोनदा आला नदीवर, आणि भूक लागली म्हणून रडला. सुट्टीच्या दिवशी नवागामच्या घरून तुमच्या सायकलच्या मागे बसून कोण यायचं, हे त्याला माहीत आहे. पाहुण्यांसमोर मी काही बोलत नाही. बँकेत दिवसभर बोलावं लागतं तेवढं पुरे होतं, असं मी स्वतःला सांगत आले.

आईनं पहाटे उठून कणकेत हळद आणि शेंगदाण्याची पेंड मळून गळाला लावायला गोळ्या केल्या होत्या, तुमच्यासाठी करायची तशाच. तांडेलानं काठी पाहिली, गोळ्या पाहिल्या आणि हसला. "अरे भाई, आ तो नदीनो सामान छे." धाकट्याला राग आला. माझ्या वडिलांची काठी आहे, म्हणाला. त्यानं तरंगा सोडला आणि ओहोटीच्या ओढीनं तो सरळ होडीखाली गेला. कणीक तर पाण्याला लागताच विरघळली. तिथं तळाचे मासे धरायचे तर काठी लागत नाही. शिशाचं वजन बांधलेली दोरी असते, गळाला कोळंबीचा तुकडा. वजन तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची आणि मग ती बोटावर धरून बसायचं. पाणी इतकं गढूळ की बघण्यासारखं काहीच नसतं. जे कळायचं ते बोटाला कळतं.

तुमच्या नातीनं तशी एक दोरी उचलली. धाकटा तरंग्यावरची नजर न काढता म्हणाला, "तू नको, बेटा. आपल्याकडे रीत आहे. बाईचा हात लागला की मासा येत नाही. आप्पा सांगायचे. तू फोटो काढ." ती हसली. "पप्पा, तुम्ही पण ना!" पण दोरी तिनं खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "फोई, खरंच असं असतं?" ती मला आत्या म्हणत नाही, इकडच्या मुलींसारखी फोई म्हणते.

तुम्ही जे माझ्याशी केलंत ते एक वेळ सोडून दिलं असतं, आप्पा. पण ते तुमच्या मागे इतक्या वर्षांनी, हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसताहेत अशा पाण्यावर, माझ्या डोळ्यांसमोर तिच्या हातातून दोरी काढून घेईल, हे मला सहन झालं नाही. ही रीत होती तरी कसली? काठच्या चिखलात हात घालून गांडुळं मी काढायचे. ती डबीत ओल्या मातीत जिवंत ठेवायचं काम माझं. तिथं माझा हात चालत होता. घरी आल्यावर खवले काढायला, पोट फाडायला आईचा आणि माझा हात चालत होता. मधल्या तेवढ्या वेळातच तो बाईचा व्हायचा. "दूर बस, पोरी. सावली पडी," तुम्ही म्हणायचात, आणि मी उन्हाच्या उलट बाजूला सरकायचे.

तो दिवस तुम्ही विसरला असाल. मी नाही. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये तुम्ही रात्रपाळी केली आहे, हात मनगटापर्यंत निळे आहेत, बाभळीला टेकून तुम्हाला झोप लागली आहे. तरंगा एकदा थरथरतो, दुसऱ्यांदा बुडतो. मी तुम्हाला हाक मारते. तुम्ही उठत नाही. काठी दगडावरून घसरायला लागते, म्हणून मी ती धरते, आणि धरल्यावर मला कळतं की पलीकडे कुणीतरी आहे. मी ओढते. मोठी मरळ होती, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. तिच्या उड्यांच्या आवाजानं तुम्ही जागे झालात. मी वाट बघत होते, तुम्ही काय म्हणता याची. तुम्ही गळ सोडवलात, दोन्ही हातांत मरळ धरून पाण्यात उतरलात आणि "तुन्हं तुले, माय" म्हणून सोडून दिलीत. पहिला मासा तापीमायचा, ही तुमची रीत होती, मान्य. पण त्यानंतर तुम्ही काठीची दोरी गुंडाळलीत. एरवी दुसऱ्या माशासाठी संध्याकाळपर्यंत बसायचात. घरी आईनं विचारलं, तेव्हा चप्पल काढता काढता म्हणालात, "आज काही लागलं नाही."

मी दारात उभी होते, आप्पा. माझ्यासमोर म्हणालात.

होडीत मी ते सगळं सांगितलं. भाचीला सांगत होते, पण ऐकलं सगळ्यांनी. धाकटा म्हणाला, "ताई, आता कशाला ते?" आणि आई फळी धरून म्हणाली, "माले माहीत व्हतं. तुना हातले मासाना वास व्हता." मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? "तव्हय कोन बोले?" एवढंच ती म्हणाली. म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून ती मरळ लागलीच नाही असं ठरवलं होतं.

मी भाचीनं ठेवलेली दोरी घेतली आणि पाण्यात सोडली. तांडेलानं विचारलं, "बेन, तळियुं मळ्युं?" मी हो म्हटलं. वजन टेकल्याचं कळतंच. बऱ्याच वेळानं बोटाला दोन बारीक टोले बसले. मी ओढलं नाही, थांबले. तिसऱ्याला ओढलं. ढोमा होता, हातभर नाही, पण चांगला. होडीत आल्यावर कुरकुर आवाज करायला लागला तशी भाची ओरडली, "फोई, हा बोलतोय!"

धाकटा म्हणाला, "पहिला आहे, ताई. सोडून दे. आप्पांची रीत." सकाळपासून त्याला काही लागलं नव्हतं.

"नाही सोडणार," मी म्हटलं. "हा घरी जाईल. आणि लागला म्हणून सांगायचं." मग दोरी भाचीच्या बोटावर दिली आणि टोला कसा ओळखायचा ते सांगितलं. तिला काही मिळालं नाही. पण तिनं दोरी परतीपर्यंत सोडली नाही, आणि कुणी सोड म्हणालं नाही.

ढोमा मीच साफ केला, मीच रस्सा केला. आपल्या घरात डोकं तुमच्या ताटात जायचं, नंतर धाकट्याच्या. आईनं सवयीनं डाव त्याच्याकडे वळवला. मी ताट पुढे केलं आणि डोकं मी खाल्लं. सगळ्यांसमोर, सावकाश.

हे लिहिलेलं भाचीनं पाहिलं. म्हणाली, फोई, तापीत सोडून दे ना, आजोबांना पोचेल. मी नको म्हटलं. तुमचं तुम्हाला परत करायची माझी इच्छा नाही. हे माझ्याकडेच राहील.

एक मात्र होडीत कुणाला सांगितलं नाही. तो तिसरा टोला बसला, दोरी ताणली गेली, तेव्हा मी पाण्याकडे पाहिलंच नाही. आधी मागे वळून पाहिलं, तुम्ही जागे झालात का.