पक्का निळा

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आईचे गुडघे कसे आहेत ते आधी कळव, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पत्राला उशीर झाला, कबूल. पण इथे बोगद्यात एकच धांदल उडाली होती. डोंगरापलीकडून खणत येणारे आणि आम्ही, मध्ये थोडंच अंतर उरलंय, आणि अशातच समोरच्या खडकातून पाण्याचा लोंढा सुटला. सगळे बाहेर पळाले. मी पडलो पंपवाला, मला कुठलं पळायला मिळतंय! कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पंप चालवले. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले की महामार्ग सुरू झाला की बोगद्याच्या देखभालीला कायमचा माणूस लागेल, तुझं नाव डोक्यात आहे. इतकी वर्षं आज या कामावर, उद्या त्या कामावर अशी काढल्यावर हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पाणी मात्र काय गोड होतं! ओंजळीनं प्यालो. अगदी आपल्या झऱ्यासारखं.

कपड्यांचं गाठोडं नेहमीप्रमाणे दूधगाडीवाल्याबरोबर धाडतोय. इथला धोबी कपडे धुतो की त्यांच्यावर सूड उगवतो, देव जाणे.

माया आहे तशीच ठेव.
तुझा ठोंब्या

२ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

गाठोडं पोचलं. त्या चिखलाच्या पँटा बघून आई म्हणाली की हा डोंगर खणतोय की अंगाला फासतोय. लग्न कर बाबा एकदाचं, म्हणजे ही बला माझ्या गळ्यातून सुटेल.

काळजीचं एक आहे. झरा बारीक झालाय. पन्हळीतून करंगळीएवढी धार येते. बाबांच्या वेळी सगळीकडे दुष्काळ पडला तेव्हाही असं झालं नव्हतं. रंगवलेलं कापड वाहत्या पाण्यात खळखळून निघालं नाही तर डाग धरतं, हे तुला काय सांगायचं? रंगाऱ्याच्याच घरात जन्मलास. परवा निळ्याचा अख्खा घाणा वाया गेला. तुमच्या त्या लोंढ्याचा आणि याचा काही संबंध असेल का रे? तुमचा बोगदा आपल्या डोंगराखालूनच जातो ना? साहेबांना विचारून बघ.

आईचा आशीर्वाद.
ताई

१९ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. झरा बंद पडला. वरच्या कुंडात थोडं पाणी जमतं, पण ते तळाच्या भेगेतून गटागटा खाली उतरतं. पन्हळ कोरडी ठणठणीत.

मी महामार्गाच्या कचेरीत तक्रार देऊन आले. तिथला अधिकारी म्हणाला की झरे आटतातच, बोगद्यावर खापर कशाला फोडता. मी हलेना, तेव्हा म्हणाला की तुमचंच पाणी बोगद्यात उतरतंय हे दाखवा. आत काम करणाऱ्या एकानं जरी लेखी दिलं, तरी कंपनीला नळ टाकून ते पाणी परत वर द्यावं लागेल.

तर आता नीट वाच. सोमवारी सकाळी मी कुंडातल्या भेगेत निळ्याची एक काहील ओतणार आहे. तू पंपाच्या खड्ड्यावर लक्ष ठेव. निळं दिसलं तर तेवढंच लिहून खाली सही कर. पुढचं भांडण मी भांडेन, त्यात माझा हात कोण धरणार? पण हे जमलं नाही तर धंदा बंद. कामावरच्या दोघी बायकांना घरी पाठवावं लागेल. आई मात्र निर्धास्त आहे. म्हणते, आपलंच पोर आत आहे, आता कसली चिंता.

तिचा आशीर्वाद.
ताई

२८ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सोमवारीच नाही, पुढचे दोन दिवसही. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, निळ्याचा टिपूसही नाही. डोंगराच्या पोटात कुठलं पाणी कुठे जातं, कोण सांगणार? यंदा ऊनही फार आहे.

ताई, मनाला लावून घेऊ नकोस. आजकाल हातानं रंगवलेलं घेतं तरी कोण? बाबा गेल्यापासून राबते आहेस, आता जरा विश्रांती घे.

गोड बातमी अशी, की मला कायम केलं. कंपनीचं दोन खोल्यांचं घर मिळतंय. तुम्ही दोघी इकडेच या ना. बोगद्यातलं पाणी आता वसाहतीच्या टाकीत चढवणार आहेत, नळाला दिवसभर पाणी.

या खेपेला गाठोडं धाडत नाही. कपडे इथेच धुतो. तुझी आधीच पाण्याची अडचण.

मला विसरू नका.
तुझा ठोंब्या

९ मे

चि. ठोंब्यास,

तुझ्या शब्दावर मी तक्रार मागे घेतली. अधिकाऱ्यानं चहा पाजला, मी वर त्याची माफी मागितली. काहिली मोडीत गेल्या. दोघी बायका गेल्या. थोरली तर बाबांच्या काळापासूनची, जाताना कोरडी पन्हळ पुसून गेली. आता मी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असते. बोगदा आरपार झाला म्हणे. बरं झालं.

परवा दूधगाडीवाला गाठोडं घेऊन आला. तुझ्याबरोबर खोलीत राहणारा आचारी रजेवर निघाला होता. त्याला आवरताना तुझ्या खाटेखाली ते सापडलं, आणि ताईकडे पाठवायचं राहून गेलं असेल म्हणून बिचाऱ्यानं धाडून दिलं. आईनंच सोडलं. वरच तुझी पँट. गुडघ्यापर्यंत निळी.

आईला धड दिसत नाही असं आपण म्हणतो. तिनं कापड उजेडाकडे धरलं, बोटांनी चोळलं आणि म्हणाली की हा आपल्याच काहिलीतला. नंतर ती जेवायला उठली नाही.

तू घाबरला असतास, नोकरी जाईल म्हणून, आणि तसं सरळ लिहिलं असतंस, तर मी रडले असते, चार शिव्या दिल्या असत्या आणि गप्प बसले असते. भावाच्या पोटावर पाय देऊन मला झरा नको होता. पण तू काचेसारखं स्वच्छ लिहिलंस. वर मला विश्रांती घ्यायला सांगितलीस! त्याचा राग येतो रे. फार राग येतो. आम्ही तिकडे येणार नाही. तुझ्या नळाला कुठलं पाणी आहे ते तुला माहीत होतं, आता आम्हालाही आहे.

पँट धुऊन पाठवते आहे. टँकरचं पाणी घातलं. डाग गेला नाही, जाणारही नाही, रंग पक्का होता.

पत्राखाली आईचा आशीर्वाद लिहायची आपली रीत, म्हणून तिला विचारलं. ती लिही म्हणाली नाही.

ताई