यमाईला सांगून येते

शंभू,

पहिल्या एसटीनं औंधला चाललेय. तुझा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. दुरडीत भाकरी आहे, वांग्याचं भरीत झाकून ठेवलंय. माझा मंगळवार आहे, जेवायला थांबू नकोस. पांढरी पँट बाबा इस्त्री करतील, त्यांना फौजेतली सवय आहे.

काल तू तुझ्या गोल्फबद्दल बाबांशी बोललास ते स्वयंपाकघरात ऐकू आलं. "बॉल होलपासून हातभर असतो, आणि मला आईचे भेगाळलेले पाय दिसतात." त्यावर बाबा म्हणाले, "मग तूच सांग तिला. माझं कुठं ऐकती?" पण मला कुणीच काही बोललं नाही.

तुला मोठ्या टूरवर खेळायचं कार्ड मिळेपर्यंत अनवाणी राहायचा नेम मी यमाईपुढं धरला. तू वर्षभर छोट्या टूरवर गावोगाव खेळत हिंडतोयस, तर आपणही थोडं सोसावं, एवढंच मनात होतं. त्याचं ओझं तुझ्या हातावर येईल हे ध्यानात आलं नाही. देवीपुढं धरलेला नेम घरबसल्या सोडता येत नाही, म्हणून तिला समोर जाऊन सांगते. रागावली तर माझ्यावर रागावेल, तुझ्यावर नाही.

यंदाच्या शेवटच्या स्पर्धेला तू रात्री निघायच्या आत मी पोचतेच.

तू बंगळूरहून आणलेल्या चपला अजून खोक्यातच होत्या. त्या पिशवीत घेतल्यात. येताना घालून येईन.

आई