गावाच्या पिंपात आमचा कॅन

सितेकीजवळून, ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. लामोत्सा हिस, सासूचे अ. आ.

न सांगता पोरीला पाठीशी बांधून माहेरी गेलीस. शोभतं का? राजमातेच्या सणात गावाची अब्रू गेली ती गेलीच. सगळ्याजणींनी मारुलाची फळं आंबवून केलेलं बुगानु एका पिंपात ओतलं आणि पिंपाला आला रॉकेलचा वास. रांगेतून बाजूला काढलं आपल्याला. तुमच्या डोंगरात मारुलाचं झाडच नाही, तेव्हा डोंगरातल्या सुनेने कॅन धुतला नसेल, असं बायका म्हणाल्या. बायका बोलतातच. तेवढ्यावरून घर सोडायचं? फानुखोनाला खाणीवर काय कळवू, बायको पळाली म्हणून? लौकर ये. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी सासू,
लागामा


मंकायाने, ता. १ मार्च

ती. सासूबाईंना सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तेंगेटिलेला दात येतोय, रडते, बाकी खुशाल. बायका बोलल्या त्याचं काही नाही. पण तुम्ही शेजारीच होता आणि शालीचं टोक नीट करत बसलात. कॅन तुम्हीच खोपटातून काढला होता. वास येतोय असं मी म्हटलं, तर डोंगरातल्या पोरीने मला बुगानु आंबवायला शिकवू नये म्हणालात. तोच कॅन डोक्यावर घेऊन चालले.

एकच विचारते, रागावू नका. मागे चुलीवर लापशी करपून कोळसा झाली, तेव्हाही तुम्ही तिथेच बसून होता. तुम्हाला वास येतो का? उत्तर द्यावे.

आपली सून,
लामोत्सा


सितेकीजवळून, ता. ९ मार्च

चि. सौ. लामोत्सा हिस, अ. आ.

नाही येत. हिवाळ्यातल्या तापापासून नाक मेलंय. सांगितलं असतं तर आंबवायचं काम गेलं असतं. मग म्हातारी कशाला ठेवायची, कोंबड्या हाकायला? म्हणून गप्प बसले. तुझ्यावर आलं तेव्हाही. एरवी माझ्या तोंडाला गाव भितं, त्या दिवशी दातखीळ बसली.

काल बायकांच्या बैठकीत सगळं सांगितलं. आमची म्होरकी लाशोंग्वे म्हणाली, सुनेला आणायला म्हातारी खोटं बोलतेय. तिने माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं, दोन डबे नाकाखाली धरले आणि यातलं बुगानु कुठलं ते विचारलं. मी एक उचलून ओठाला लावला. तिने हिसकावला, तरी थेंबभर रॉकेल जिभेवर आलंच. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुला ये म्हणायला तोंड नाही. सुनेच्या दारी सासूने जायचं नसतं म्हणतात. मी गुरुवारच्या बसने येतेय. तुझ्या आईसमोर हेच पुन्हा सांगेन. चटई अंथरू नका, मी जमिनीवर बसेन. लोभ ठेवच, असं म्हणत नाही.

लागामा